गच्चीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडासा आवरून)



रौप्यमहोत्सवात गाणी आहेत, नाच आहेत, पाककलेची स्पर्धा आहे. या सगळ्यात मला वेळ दिलाय तो नियोजनासारख्या रुक्ष विषयाला. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही कारखान्यात तीस वर्षं प्लॅनिंग खात्यात काढलीत. त्यातलं सोसायटीच्या कामाला येईल असं काहीतरी सांगा." तीस वर्षांचं सगळं सांगायला बसलो तर सुवर्णमहोत्सव उजाडेल. म्हणून मी त्यातला एकच शब्द निवडलाय. तो शब्द म्हणजे लीड टाइम.

लीड टाइम म्हणजे एखादी गोष्ट हवी असं ठरवल्यापासून ती प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत लागणारा सगळा काळ. यातला 'सगळा' हा शब्द महत्त्वाचा. समजा, शनिवारी रात्री नऊ वाजता घरातल्या कुणीतरी फर्मान काढलं, "उद्या सकाळी नाश्त्याला इडल्या करा." इडलीपात्रात इडली वाफवायला किती वेळ लागतो? बारा-पंधरा मिनिटं. मग हरकत काय आहे? हरकत काय ते इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. डाळ-तांदूळ चार-पाच तास भिजायला हवेत, मग वाटायचं, मग रात्रभर पीठ आंबायला ठेवायचं. थंडीत तर ते आणखी वेळ घेतं. म्हणजे इडलीला पंधरा मिनिटं लागत नाहीत, पंधरा-सोळा तास लागतात. त्यातलं हाताचं काम तासाभराचं, बाकी सगळं थांबणं. आणि पीठ आंबायला वेळ लागतोय म्हणून घरात आणखी चार माणसं बोलावून उपयोग नाही. चार माणसांनी पातेल्याभोवती उभं राहिलं म्हणून पीठ लवकर फुगत नाही.

लीड टाइमबद्दलच्या तीन गोष्टी या एका इडलीत आल्या. पहिली, त्यात काम थोडं असतं आणि थांबणं जास्त. दुसरी, त्यातला काही भाग माणसं किंवा पैसे वाढवून कमी होत नाही. तिसरी, तो ऋतूप्रमाणे बदलतो.

आपण बोलताना 'मुदत' हा शब्द नेहमी वापरतो. बिल भरायची मुदत, अर्ज करायची मुदत. मुदत म्हणजे शेवटची तारीख. कुठे पोचायचं ते ती सांगते. निघायचं कधी, हे मात्र लीड टाइम सांगतो. गाडी सकाळी सातची आहे एवढं माहीत असून भागत नाही. स्टेशन किती लांब, रिक्षा मिळायला किती वेळ, आणि आपल्याकडे कुलूप लावून पुन्हा गॅस बघायला वर जाणारं माणूस कोण, हे सगळं धरून घरातून निघायची वेळ ठरते. हिशेब नेहमी शेवटाकडून मागे करायचा असतो.

हे काही साहेबाचं शास्त्र नाही. आपल्या शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ऊस घ्या. साखर कारखान्याचा गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, तो सोळा ते अठरा महिने घेतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात, त्याला चौदा-पंधरा महिने. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, त्याला वर्ष. लागवडीच्या तारखा तीन, वाढीचे काळ तीन, आणि सगळे येऊन पडतात ते पुढच्या हंगामाच्या गव्हाणीत. कापणी कधी हे धरून लागवड कधी, असा हा हिशेब आहे.

आता आपल्या घरात येऊ. म्हणजे गच्चीवर जाऊ.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम कधी करायचं, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं, "पावसाळ्यापूर्वी." आणि काम आठवतं कधी? तर मे महिन्यात ढग दिसायला लागले की. मी आज तुमच्यासमोर हा हिशेब उलटा मांडणार आहे. आठवड्यांचे आकडे आपल्यासारख्या मध्यम इमारतीसाठी माझ्या अंदाजाचे आहेत. तुम्ही त्यात एखाद-दुसरा आठवडा इकडे-तिकडे करा, निष्कर्ष बदलणार नाही.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याच्या आधी वळवाच्या सरी येतात. म्हणून काम ३१ मे रोजी संपलेलं हवं असं धरू. जुना थर काढणं, भेगा भरणं, उतार देणं, नवा थर घालणं, त्यावर पाणी मारणं, गच्चीत पाणी साठवून खाली गळतंय का ते बघणं, याला पाच आठवडे. म्हणजे २६ एप्रिलला हातोडा पडला पाहिजे. त्याआधी ॲडव्हान्स, सामान वर चढवणं, मजुरांची सोय, दोन आठवडे. आलो १२ एप्रिलला. चांगला कंत्राटदार रिकामा बसलेला नसतो. त्याच्या हातातली कामं संपून आपला नंबर लागायला चार आठवडे धरा. आलो १५ मार्चला. सभेचा ठराव झाल्यावर अटी लिहून, सह्या होऊन वर्क ऑर्डर निघायला एक आठवडा. म्हणजे सभा ८ मार्चला. सभेची नोटीस आणि सोबतची कागदपत्रं सभासदांच्या हातात दोन आठवडे आधी पडायला हवीत, २२ फेब्रुवारी. आलेल्या कोटेशनांची तुलना, त्या लोकांनी केलेली जुनी कामं बघणं, भाव बोलणं, तीन आठवडे, १ फेब्रुवारी. कोटेशनं मागवून ती यायला तीन आठवडे, ११ जानेवारी. काय काम करायचं, कुठला माल, किती जाडी, किती वर्षांची हमी, हे सल्लागाराकडून लिहून घ्यायला चार आठवडे, १४ डिसेंबर. आणि सल्लागार कोण हे कार्यकारिणीने बसून ठरवायला तीन आठवडे. आलो आपण २३ नोव्हेंबरला.

मंडळी, म्हणजे आपण दारावरचा आकाशकंदील उतरवतो ना, त्याच सुमाराला गच्चीची फाइल कपाटातून बाहेर काढायची. एकूण आठवडे झाले सत्तावीस. त्यातले गच्चीवर काम चालू असलेले आठवडे पाच. उरलेल्या बावीस आठवड्यांत गच्चीवर एक घमेलंही चढत नाही. तरी ते बावीस आठवडे कामाचेच आहेत. ते दिसत नाहीत म्हणून ते नसतातच असं आपण धरून चालतो, आणि मग मे महिन्यात जो मिळेल तो माणूस, तो सांगेल तो भाव आणि तो म्हणेल तो माल घेतो. घाईचा भाव महाग असतो. पण त्याहून वाईट म्हणजे घाईत निवडायला काही उरत नाही.

आता कुणी म्हणेल, "काका, हे सत्तावीस आठवडे कमी नाही का होणार?" होतील. पण कुठले होतील आणि कुठले होणार नाहीत, हे आधी ओळखलं पाहिजे.

काँक्रीटचं उदाहरण घ्या. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. सातव्या दिवशी त्यात साधारण दोन-तृतीयांश ताकद आलेली असते. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया चालू असते, तिला ओल लागते आणि दिवस लागतात. तिथे घाई केली तर ती भेगेच्या रूपाने बाहेर येते. ओल्या प्लॅस्टरवर रंग लावला तर तो वर्षभरात पापडासारखा सुटतो. या थांबण्याला नियोजनाच्या भाषेत लॅग म्हणतात. एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं, यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली जागा. ती जागा काढायची नाही.

याच्या उलट असतो तो लीड. लीड टाइमशी याची गल्लत करू नका, हा त्याचा चुलत भाऊ समजा. पहिलं काम पूर्ण संपण्याआधीच दुसरं सुरू करता येतं, त्या आधी मिळालेल्या वेळाला लीड म्हणतात. कोटेशनं यायची आहेत तोवर दोन-तीन कंत्राटदारांची जुनी कामं बघून येता येतं. एखादी इमारत त्यांनी चार वर्षांपूर्वी केली असेल तर तिथल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावं, "छत गळतं का हो?" तो सगळ्यात खरा रिपोर्ट. सल्लागार तपशील लिहीत असतानाच खजिनदारांना फंडाचा ताळेबंद मांडता येतो. असं एकावर एक सरकवून आपले सत्तावीस आठवडे बावीसवर येऊ शकतात. पण हे सुतळीने बांधलेल्या फायलींतून आपोआप होत नाही. कुणीतरी कागदावर आखावं लागतं.

आणि एक थांबणं असं आहे की ते कायद्याने ठेवलंय. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. विशेष सभेला पाच दिवसांचं बंधन आहे, तरी मोठ्या खर्चाच्या सभेला दोन आठवडे द्यावेत असं मी वर धरलंय. काही जणांना हा वाया गेलेला वेळ वाटतो. मला वाटतं, सहकारातलं हे क्युअरिंग आहे. सभासदाने कागद वाचायचे, घरात बोलायचं, जिन्यात शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग सभेत यायचं. हे न होता झालेला ठराव ओल्या प्लॅस्टरवरच्या रंगासारखा. हात वर होतात, पण पैसे भरायची वेळ आली की पोपडे सुटतात.

दुसरा प्रश्न, घाई करायची तर कुठल्या कामात करायची? याचं शास्त्र फार जुनं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यू पॉन्ट या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथ मेथड तयार झाली, आणि त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही पद्धत आणली. दोन्हींचं सार एकच. प्रकल्पात शेकडो कामं असतात, पण त्यातली एक साखळी सगळ्यात लांब असते. त्या साखळीला जेवढा वेळ लागतो तेवढाच पूर्ण प्रकल्पाला लागतो. बाकी कामं आठवडाभर लवकर झाली तरी फायदा शून्य. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की सगळंच एक दिवस लांबतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गणपतीची गाडी. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सातशे किलोमीटरहून लांब मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सगळ्यात लांब. पण सगळ्यात जास्त छळलं कुणी? तर कठीण कातळातल्या लांब बोगद्यांनी नव्हे, मऊ मातीतल्या आखूड बोगद्यांनी. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यातला. माती खचायची, पाणी यायचं, पुन्हा खणायचं. दोन्ही बाजूंनी टप्प्याटप्प्याने गाड्या धावायला लागल्या होत्या, पण तो मधला तुकडा पुरा होईपर्यंत मुंबईहून मंगळूरला सलग जाता येत नव्हतं. अखेर २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. शेकडो पूल वेळेवर झाले तरी गाडी थांबते ती एका बोगद्यासाठी. आपल्या प्रत्येक कामात असा एक पेडण्याचा बोगदा असतो. तो कुठला आहे हे पहिल्या दिवशी शोधायचं.

आणि तो नेहमी महागड्या वस्तूतच असतो असं समजू नका. आमच्या कारखान्यात एका मोठ्या पंपाच्या दुरुस्तीत मोटर तीन आठवड्यांत आली, आणि काही हजारांचं परदेशी सील यायला चौदा आठवडे लागले. मोटर अकरा आठवडे गोणपाटाखाली पडून होती. तेव्हापासून आमच्या खात्यात एक शिस्त पडली. खरेदीची यादी किमतीप्रमाणे लावायची नाही, लीड टाइमप्रमाणे लावायची. सगळ्यात जास्त वेळ लागणारी वस्तू सगळ्यात वर, मग ती चार आण्याची का असेना.

आता कंत्राटदाराच्या रांगेबद्दल दोन शब्द. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. तो आपल्या भाषेत असा : हातात किती कामं आहेत, त्याला महिन्याला किती होतात याने भागा, तेवढे महिने नव्या गिऱ्हाइकाला थांबावं लागणार. एखाद्याकडे बारा गच्च्या आहेत आणि तो महिन्याला तीन पुऱ्या करतो. तुमची गच्ची चार महिन्यांनी. एप्रिलमध्ये त्याला फोन केलात तर तो गोड आवाजात "करून टाकू साहेब" म्हणेल, पण गणित ऑगस्टचं आहे. म्हणून कंत्राटदाराला "कधी सुरू करणार?" असं विचारू नका. विचारा, "सध्या हातात किती कामं आहेत आणि महिन्याला किती उरकता?" उत्तर आपलं आपल्याला काढता येतं. तोच माणूस डिसेंबरात मोकळा असतो आणि भावालाही नरम असतो.

तिसरी गोष्ट अंदाजाची. कुणीही "सहा आठवडे लागतील" म्हणतो तेव्हा तो मनातल्या मनात सगळं सुरळीत धरून बोलत असतो. पर्ट पद्धतीत तीन आकडे विचारतात. सगळं छान जुळलं तर किती? एरवी किती लागतात? आणि सगळं फिसकटलं तर किती? समजा उत्तरं आली चार, सहा आणि चौदा. मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं : चार, अधिक चोवीस, अधिक चौदा, बेरीज बेचाळीस, भागिले सहा, उत्तर सात आठवडे. सांगितलेल्या सहापेक्षा एक जास्त. कारण कामं लवकर संपायला जागा थोडी असते आणि लांबायला मोकळं रान असतं. हा जास्तीचा वेळ प्रत्येकाने आपापल्या खिशात लपवायचा नाही. तो सगळ्यांना दिसेल असा शेवटी एकत्र ठेवायचा. म्हणून आपण ११ जूनऐवजी ३१ मे धरलं.

घरातला दुसरा सिलिंडर हेच करतो. एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. दुसरा संपत आल्यावर नंबर लावणारा माणूस पाहुणे आलेल्या दिवशी हॉटेलात फोन करताना दिसतो. किती शिल्लक राहिल्यावर मागवायचं, याचा नियम सोपा आहे : माल यायला जेवढे दिवस लागतात, तेवढ्या दिवसांचा खप, अधिक थोडी गाठीला. ब्लीचिंग पावडर असो, डिझेल असो, की जिन्यातले दिवे.

आतापर्यंत जे बोललो त्यात तुम्ही हसलात, मला बरं वाटलं. आता ज्यासाठी हा विषय घेतला ते बोलतो. आपली लिफ्ट.

इमारत पंचवीस वर्षांची झाली, तशी लिफ्टही पंचवीस वर्षांची झाली. ती चालू आहे, तिची देखभाल होते, याबद्दल कार्यकारिणीचं कौतुकच आहे. पण जुन्या यंत्राचे सुटे भाग वर्षागणिक मिळेनासे होत जातात, म्हणजेच त्यांचा लीड टाइम वाढत जातो. आज एखादा भाग दोन दिवसांत येतो, काही वर्षांनी तोच शोधायला दोन महिने लागतील. आणि नवी लिफ्ट म्हणजे दुकानातून उचलून आणलेला फ्रिज नाही. आपल्या शाफ्टचं माप घेऊन ती बनवतात. सरकारी निरीक्षकांची परवानगी आणि परवाना लागतो. जुनी काढायची, नवी बसवायची, तपासणी करून घ्यायची. ठरावापासून बटण दाबेपर्यंत बरेच महिने जातात, आणि त्यातले काही आठवडे इमारतीत लिफ्टच नसते.

ते आठवडे कुणाचे असतात, याचा विचार करा. इथे राहायला आलो तेव्हा आपण चाळिशीत होतो. लिफ्ट खाली यायला वेळ लागला तर कंटाळून जिन्याने दोन-दोन पायऱ्या चढून जात होतो. आज त्यातले कित्येक जण सत्तरीकडे आलेत. गुडघे बदललेले आहेत. चाकाच्या खुर्चीवर आहेत. आठवड्यातून दोनदा-तीनदा ठरलेल्या वेळी दवाखान्यात जावंच लागतं असे सभासद वरच्या मजल्यांवर आहेत. ज्या दिवशी लिफ्ट कायमची बंद पडेल, त्या दिवशी त्यांना खाली कसं आणायचं?

इथे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता असा की लिफ्ट बंद पडेपर्यंत थांबायचं. मग महिना यंत्र निवडणार. तो बारावीच्या परीक्षेचा असेल, भर पावसाळ्याचा असेल, कुणाच्या घरच्या लग्नाचा असेल. आणि त्या दिवसापासून नव्या लिफ्टचा संपूर्ण लीड टाइम आपण लिफ्टशिवाय काढणार. दुसरा रस्ता असा की जुनी चालू असतानाच ठराव करायचा, ऑर्डर द्यायची आणि बंदीचे आठवडे आपण निवडायचे. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतील, पाऊस नसेल. वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंना लेकीकडे राहून येता येईल. ज्यांना कुठे जाता येत नाही त्यांची सोय पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कुणी करेल का, हे आधी विचारता येईल. सामान वर न्यायला पोरांची पाळी लावता येईल. पहिल्या रस्त्यात महिनोन्‌महिने अडकून पडणं आहे, दुसऱ्यात काही आठवड्यांची गैरसोय आहे. लिफ्ट तीच, माणसं तीच. मोजून ठेवलेल्या लीड टाइमने आपल्याला काय मिळतं म्हणाल, तर निवड मिळते. ज्याला जिना चढता येतो त्याला या निवडीची किंमत कळणार नाही. म्हणून ती त्याने चढू न शकणाऱ्यांच्या वतीने करायची असते. सहकारी संस्था म्हणतात ती यालाच.

पैशालाही लीड टाइम असतो. आपल्या उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का जमा करायचा असतो. जमिनीची किंमत वगळून. समजा तेव्हा फ्लॅटचा बांधकाम खर्च चार लाख होता. वर्षाला १,००० रुपये झाले. पंचवीस वर्षांत मुद्दल २५,०००, म्हणजे त्या वेळच्या खर्चाच्या सव्वासहा टक्के, आणि वर व्याज. काम मात्र आजच्या भावाने करायचंय. हा किमान दर आहे, त्याहून जास्त जमा करायला सर्वसाधारण सभा मोकळी आहे. महिन्याला शे-दोनशे रुपये जास्त हे आज जड वाटतं, पण एकदम घरटी लाखाची वर्गणी निघते तेव्हा पेन्शनवर जगणाऱ्या घराला काय वाटतं तेही बघा. दहा वर्षांनंतरच्या कामाचे पैसे आजपासून भिजत घालायचे, म्हणजे वेळेवर वाटायला येतात.

इमारतीचंही तसंच. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. आपल्या तिशीला पाच वर्षं उरलीत. दुरुस्ती की पुनर्विकास, हा प्रश्न तेव्हा दारात येईल. त्याचं उत्तर आज द्यायचं नाही, पण उत्तर द्यायला लागणारे कागद आज गोळा करायला लागायचे. मंजूर नकाशे, कन्व्हेयन्सची कागदपत्रं, जुनी ऑडिटं एका फाइलीत आहेत का, हे बघायला पुनर्विकासाची चर्चा लागत नाही.

शेवटचा लीड टाइम माणसांचा. कार्यकारिणीची मुदत पाच वर्षांची असते. पण चांगला सेक्रेटरी निवडणुकीच्या दिवशी तयार होत नाही. पाण्याच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, ड्रेनेजची लाइन अंगणात कुठून वळते, हे पक्कं माहीत असलेली माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांची वयं मी सांगत नाही. मागे उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी दोघांनी येत्या रविवारी त्यांच्याबरोबर गच्चीवर जा. मोबाइलवर फोटो काढा, व्हॉल्व्हवर रंगाने नंबर टाका. तासाभराचं काम आहे. ते आज झालं नाही तर पुढे कुठल्याही पैशाने विकत मिळणार नाही.

बोलणं आवरतो. माझी सोसायटीला एकच सूचना आहे. नोटीस बोर्डाशेजारी एक कॅलेंडर लावा. त्यावर कामं संपण्याच्या तारखा लिहू नका, सुरू करण्याच्या लिहा. गच्ची, २३ नोव्हेंबर. टाक्या साफ करणाऱ्याला फोन, अमुक तारीख. लिफ्टचा विषय सभेपुढे, अमुक तारीख. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागतेच. त्या सभेत पुढच्या वर्षाचं हे पान वाचून दाखवा. ज्या तारखेपुढे कुणाचं नाव नसेल तिथे नाव लिहा. सुरुवात म्हणून गच्चीपुढे माझं नाव लिहायला हरकत नाही. कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता मी करून देईन.

पंचवीस वर्षं ही इमारत उभी राहिली ती कुणीतरी कधीतरी वेळेआधी विचार केला म्हणून. त्या सगळ्यांना नमस्कार करतो आणि थांबतो.